ज्याला सुतक नाही

जयवंता गेली तेव्हा बबनरावांचा मोबाईल टोपलीत होता. नालवाडीच्या प्रार्थनागृहात तशी शिस्तच होती. दारात एक वेताची टोपली ठेवलेली असे. आत शिरताना प्रत्येकाने आपला मोबाईल बंद करून तीत टाकायचा, म्हणजे देवाशी बोलताना मध्येच कुणाची रिंग वाजत नाही. ही शिस्त पास्टर प्रभाकररावांनी लावली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. त्यांचा स्वतःचा मोबाईल मात्र खिशातच असे, कारण त्यांना नागपूरहून कधी फोन येईल ते सांगता येत नसे. त्या रविवारी प्रार्थना लांबली. कौशल्याबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या होत्या. प्रभूसाठी आपण संध्याकाळच्या मालिका कशा सोडल्या, पहिले काही दिवस जीव कसा कासावीस झाला आणि मग प्रभूने कसं बळ दिलं, हे त्या डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या. लोक हालेलुया म्हणत होते. बबनरावही म्हणाले. नंतर चहा झाला. नंतर टोपलीभोवती गर्दी झाली, सगळे मोबाईल सारखेच काळे, हा तुमचा की माझा करत लोक उलथापालथ करत राहिले. बबनरावांनी आपला हुडकून चालू केला आणि तो चालू होतो न होतो तोच पडद्यावर धाकट्या भावाचं नाव आलं. बाप्तिस्मा झाल्यापासून अंकुशने त्यांना एकदाही फोन लावला नव्हता.

"कुठं होता दादा तू? कधीचा लावून राह्यलो."

"प्रार्थनेत होतो."

अंकुशच्या मागे बायांचा आवाज येत होता.

"वहिनी गेली," तो म्हणाला. "अंगणात बसल्या बसल्या. डॉक्टर येऊन पाहून गेला. प्रार्थना झाली असंन तं ये."

पवनारला जाणाऱ्या ऑटोत बसल्यावर बबनरावांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. झाली असंन तं ये, या शब्दांना काय उत्तर द्यायचं, हे ते मनात जुळवत होते. तू महालक्ष्म्यांपुढे बसला होता तेव्हा तुझा फोन चालू होता का, असं विचारावं. नाही तर काहीच बोलू नये, नुसतं पाहावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, ऑटोवाला तंबाखूचा खर्रा चघळत होता, आणि बायको मेलेला एक साठीला टेकलेला माणूस भावाला टोमणा कोणता मारावा हे ठरवत होता. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण हे करतो आहोत. तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली, पण म्हणून जुळवणं थांबलं नाही. माणूस एकदा धर्मासाठी घरच्यांशी भांडला की प्रत्येक वाक्य त्याला त्याच भांडणातलं वाटू लागतं. मरणाची बातमीसुद्धा.

अंगणात टिनाच्या छपराखाली तिला चटईवर ठेवलं होतं. घरात घेतली नव्हती, कारण घरात महालक्ष्म्या उभ्या होत्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी नव्या लुगड्यांत, अंगावर दागिने, पुढे फराळाच्या राशी, आणि तो नेमका जेवणाचा दिवस. सोळा भाज्या झालेल्या, पुरण शिजलेलं, आंबील पातेल्यात तयार, नैवेद्य दाखवायचा तेवढा राहिलेला. त्या वेळेला थोरली वहिनी अंगणातल्या बाजेवर बसून उद्यासाठीची मेथी निवडत होती ती एका बाजूला कलली. ती अंगणात का बसली होती हे कुणी सांगायची गरज नव्हती. बबनराव थोरले, म्हणून हे मुखवटे आधी त्यांच्या घरी होते. आईनंतर वीसेक वर्षं जयवंतानेच महालक्ष्म्या मांडल्या. बबनरावांनी बाप्तिस्मा घेतला त्याच्या आठ दिवसांत अंकुश स्टीलचा डबा घेऊन आला आणि मुखवटे घेऊन गेला. बबनरावांना त्या दिवशी बरं वाटलं होतं. घर साफ झालं, असं ते पास्टरांना म्हणालेही होते. जयवंताने दोन्ही मुखवटे चिंचेने घासून, जुन्या लुगड्यात गुंडाळून दिराच्या हातात दिले आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. पुढे दरवर्षी ती पवनारला जात असे. जावेच्या घरी, स्वतःच्याच महालक्ष्म्यांना, पाहुणी म्हणून. सोवळ्याच्या स्वयंपाकाला तिचा हात चालत नसे. पादऱ्याची बायको. बबनराव पादरी नव्हते, सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, पण गावाला तेवढा फरक करायला वेळ नव्हता.

आता सगळेजण अडून बसले होते. घरात सुतक आलं होतं. कुळातल्या कुणाचाही हात आता देवीला चालणार नव्हता, आणि सुतकाच्या घरात उभ्या महालक्ष्म्या ठेवायच्याही नव्हत्या. एरवी अशा वेळी दुसऱ्या कुळातल्या कुणाला तरी बोलावून उचलून घेतात. पण शेजारपाजारच्या बायांनी दारातूनच पाहिलं, अंगणात प्रेत आणि आत जेवणाच्या दिवशीची उपाशी देवी, आणि पदर तोंडाला लावून मागे फिरल्या. कोप कुणी ओढवून घ्यावा? अंकुश ओट्यावर डोकं धरून बसला होता. तो वहिनीसाठी रडत होता की सणासाठी, हे बबनरावांना कळलं नाही. त्यांनी सणासाठी असं मनात धरून टाकलं.

भाऊकीतले अण्णाजी खुर्चीवर बसले होते. सगळ्यांत म्हातारे. ते खाकरले आणि म्हणाले, "काऊन रे अंकुश, बबनले सांग ना."

"काय सांगू?"

"उचलाले. थो तं आपल्या कुळातून गेला ना? तूच तं म्हणत होता. मंग त्याले कुठचं सुतक?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं. बबनरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याची बायको अंगणात पडली आहे त्याला सोडून सगळ्यांना सुतक होतं. जिला वहिनी म्हणून कुणी चुलीपाशी येऊ देत नव्हतं तिचं सुतक घरातल्या म्हशीपर्यंत पोचलं होतं, आणि नवरा तेवढा कोरडा.

"दादा," अंकुश वर न पाहता म्हणाला, "तुमच्यात तं हे मानतच नाई. पितळच समजता ना तुम्ही? मंग उचल बाप्पा. तिले हलवता येत नाई तंवर."

याच भावाने मुखवटे नेताना, तुझी सावली नाही पडली पाहिजे यांच्यावर, असं सांगितलं होतं. बबनराव चपला काढून आत गेले. चपला का काढल्या ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. आत आंबिलीचा वास भरला होता, ज्वारीचा आणि ताकाचा आंबूस वास. त्यांच्या पोटात एकदम भूक उठली, कारण प्रार्थनेच्या दिवशी ते सकाळी काही खात नसत. बायको बाहेर पडली आहे आणि आपल्याला भूक लागली आहे. हे शरीर कुठल्याच धर्माचं नाही, त्यांना वाटलं.

मुखवटे गेले त्या वर्षीची गोष्ट. सण आटोपून जयवंता पवनारहून परत आली. दुसऱ्या दिवशी बाहेरचं दुरुस्तीचं काम आटोपून बबनराव घरी आले, तर तिने वाटीत आंबील घालून पुढे ठेवली. वर साय, बाजूला गूळ. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मूर्तीला दाखवलेलं खायचं नाही असं पास्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, आणि नवा कोरा विश्वास त्यांच्या अंगात होता, नव्या वहाणेसारखा, पावलोपावली वाजणारा. त्यांनी वाटी बोटाने दूर सारली. "नैवेद्याचं असंन तं मले नको," ते म्हणाले. जयवंता त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "कोणाले दाखवू नैवेद्य? घरात हाये कोण आता? चुलीले दाखवू का?" तरी त्यांनी वाटी घेतली नाही, कारण एकदा सारलेली वाटी परत ओढणं म्हणजे हरणं, आणि त्या दिवसांत ते प्रभूसाठी रोज कुठे ना कुठे जिंकत होते. जयवंताने ती आंबील तिथेच उभ्या उभ्या स्वतः खाल्ली. पुढे तिने घरात पुन्हा कधी आंबील केली नाही. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही, आणि बबनरावांनीही ती का होत नाही असं विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी हे साक्षीत सांगितलं होतं. कसा मोह आला आणि कसा टाळला. लोक हालेलुया म्हणाले होते.

त्यांनी थोरलीच्या मुखवट्याला दोन्ही गालांवर हात लावले. पितळ कोमट होतं, बाजूला समई होती म्हणून. मुखवटा निघेना. मागे हात घालून चाचपलं तर लुगड्याच्या काठाची पट्टी बोटाला लागली, मुखवटा खालच्या उभ्या पायलीला, धान्याच्या मापाला, बांधलेला. पट्टीची गाठ त्यांनी बोटांनीच ओळखली. दुहेरी गाठ, आणि उरलेलं टोक वळवून आत खोचलेलं. असं टोक खोचायची सवय त्यांनी आयुष्यात एकाच बाईची पाहिली होती. सिंदीला जायच्या वेळी त्यांच्या डब्याच्या फडक्याला अशीच गाठ असे, आणि दुपारी हाताला तेल-ग्रीस लागलेलं असताना ती सोडवताना ते चिडत. गाठ ताजी होती. हळद अजून ओली होती तिच्यावर. ते तसेच मागे हात घालून उभे राहिले.

दारात अंकुशची बायको जया उभी होती. ती आत येऊ शकत नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"बाईच बांधत," ती हळू म्हणाली. "दरवर्षी. पहाटे, हे उठायच्या आधी. माझ्याच्यानं होत नाई भाऊजी. मी बांधलं का थोरलीची मान कलते. पहिल्या वर्षी कलली तं मी घाबरली. मंग बाईलेच म्हटलं, या अन् बांधून द्या."

"अंकुशले माहीत हाये?"

"नाई. सांगू नका. आता तं सांगूच नका." मग ती म्हणाली, "बाई म्हणे, तुमच्या भाऊजीलेही नका सांगू. तिकडं त्यांच्या लोकाईत जाऊन सांगतीन, म्हणे."

बबनरावांनी गाठ सोडली. सोडायला वेळ लागला. तर असं होतं. नऊ वर्षं ती पहाटे उठून, सोवळ्याच्या घरात चोरासारखी शिरून, आपल्या देवीची मान सरळ करून येत होती आणि नंतर दिवसभर अंगणात परक्यासारखी मेथी निवडत बसत होती. दिराला कळलं असतं तर त्याने बाहेर काढली असती. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने त्याची साक्ष केली असती. दोघा भावांपासून तिने ते सारखंच लपवलं. बबनरावांनी थोरली उचलली, धाकटी उचलली, त्याच स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग ते बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं. आता तिले आत घ्या." त्यांचा आवाज इतका कडक होता की अण्णाजीसुद्धा खुर्चीवरून उठले. आंबिलीचं पातेलं जयाने मागच्या दाराने नेऊन म्हशीपुढे ओतलं.

अग्नी कुणी द्यायचा यावर थोडी कुजबूज झाली, पण बबनरावांनी मडकं उचलून खांद्यावर घेतलं आणि कुणी अडवलं नाही. ज्याला सुतक नाही त्याने अग्नी कसा द्यायचा, हा प्रश्न आता कुणाला पडला नाही. सोयीचा होता तोवरच तो प्रश्न होता. धाम नदीच्या काठी, पवनारच्या खालच्या अंगाला, तिला जाळलं. ती सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिचं कपाळ कुंकवाने भरलं होतं, हिरवं लुगडं नेसवलं होतं, आणि नशीब काढलं बाईनं असं त्या एकमेकींना सांगत होत्या. प्रार्थनागृहातलं कुणी आलं नाही. जिथे जाळतात तिथे त्यांच्यातले काही लोक येत नसत आणि बाकीच्यांना ते कारण पुरलं. पास्टरांनी मोबाईलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

ज्या जागी लाकडं रचली होती तिथून थोडं वर, खडकापलीकडे, बबनरावांचा बाप्तिस्मा झाला होता. हिवाळा होता. पास्टरांनी त्यांना पाठीमागे झुकवून पाण्यात बुडवलं आणि वर काढलं, आणि ते वर आले तेव्हा काठावर लोक गात होते. नवा जन्म झाला असं त्यांना खरोखरच वाटलं होतं. ते वाटणं खोटं नव्हतं. आजही ते त्याला खोटं म्हणायला तयार नव्हते, हीच तर पंचाईत होती. पण त्या गाणाऱ्या लोकांच्या मागे खडकावर जयवंता उभी होती, हातात टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन. ती गात नव्हती. तिचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. ती एवढ्यासाठी आली होती की थंडीत हा माणूस ओला होणार आणि यांच्यातल्या कुणाला टॉवेल आणायचं सुचणार नाही. तसंच झालं होतं. तिने त्यांचं डोकं खसखसून पुसलं आणि म्हणाली, "झालं का? चला आता, छातीत सर्दी भरंन." आणि परतताना ऑटोत, कशावरून निघालं कोण जाणे, तिने सांगितलं, "तुमचं काय करायचं थे तुमचे लोक पाहतीन. पण मले मातीत गाडू नका बाप्पा. मले मुंग्यायचं भेव वाटते. मले जाळजा, अन् राख तुमच्या हातानं याच पाण्यात सोडजा. दुसऱ्या कोणाले देऊ नका." ते हसले होते. नव्याने जन्मलेल्या माणसाला बायकोच्या मरणाचं काय?

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अंकुश म्हणाला, मडकं माझ्या अंगणात नको, आधीच सण नासला आहे. म्हणून बबनराव ते नालवाडीला घेऊन आले. घरात आणायचं नसतं, एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून मागच्या शेवग्याच्या फांदीला टांगलं. त्याच संध्याकाळी पास्टर प्रभाकरराव आले. बरोबर कौशल्याबाई होत्या. पास्टरांनी डोळे मिटून प्रार्थना केली, प्रभूची योजना आपल्याला कळत नसते असं सांगितलं, आणि डोळे उघडले ते खिडकीतून नेमके शेवग्यावर गेले.

"ते काय आहे, बंधू?"

"जयवंता आहे."

पास्टरांनी खिडकीवरून नजर काढली. "मी ऐकलं की तुम्ही मूर्तींना हात लावला."

"उचलून डब्यात ठेवल्या."

"का पण?"

"तिथं सगळ्याईले सुतक होतं. मले नव्हतं. तुमच्यामुळं."

पास्टरांना हे नीट कळलं नाही, आणि न कळलेलं सोडून पुढे जायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "पाहा बंधू, लोक बोलणारच. तुम्ही येत्या रविवारी साक्ष द्या. तुम्ही प्रभूसाठी किती सोडलं! भाऊ सोडला, कूळ सोडलं, मुलीच्या लग्नात कन्यादानाला बसला नाहीत. नव्या लोकांना हे ऐकायला पाहिजे. त्याग ऐकला की विश्वास वाढतो." कौशल्याबाईंनी मान हलवली. "भाऊ, तुमच्यापुढं आमचं काहीच नाई," त्या म्हणाल्या, आणि त्या खरंच मनापासून बोलत होत्या, म्हणून बबनरावांना जास्त राग आला. जाताना पास्टरांनी मडक्याकडे न पाहता सांगितलं की ते जेवढं लवकर होईल तेवढं कुठेतरी पुरून टाकलेलं बरं. आपल्या दफनभूमीत मात्र नाही, कारण बाई सभासद नव्हत्या.

किती सोडलं. ते गेल्यावर बबनराव ओट्यावर बसून हे चघळत राहिले. कन्यादानाला ते बसले नाहीत हे खरं होतं. होमापुढे बसणं त्यांना चालणार नव्हतं. मग अंकुश आणि जया बसले. पण ते न बसल्यामुळे जयवंताही बसू शकली नव्हती, हे पास्टरांच्या मोजणीत नव्हतं. कन्यादानाला जोडपं लागतं. तिला तर सगळंच चालत होतं, होम आणि भटजी आणि मंगलाष्टकं, तरी ती आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात आचाऱ्याच्या मंडपात बसून पापड मोजून देत होती. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली ती तिची. भाऊबीजेला भावाने येऊ नको म्हटलं ते तिला. बबनरावांनी काय सोडलं होतं? खर्रा. तोही दात हलू लागल्यावर डॉक्टरने आधीच सोडायला लावला होता, प्रभूच्या नावावर नंतर टाकला. बाकी सगळं तिच्या ताटातून गेलं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं की बाई, तुझा विश्वास आहे का. क्रूस उचला म्हणून सांगणारे पास्टर होते, उचलला म्हणून मिरवणारा नवरा होता, आणि प्रत्यक्ष वाहत होती ती, जिला त्या क्रुसावरच्या माणसाचं काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी ते गेले. मोबाईल टोपलीत टाकला नाही. दारातल्या पोराने टोपली पुढे केली तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती मागे घेतली. पंखा फिरत होता. तोच पंखा दुरुस्त करायला ते पहिल्यांदा इथे आले होते. जिनिंगचा हंगाम संपला की ते अशी कामं घेत. शिडीवर बसून कॉइल तपासत होते आणि खाली प्रभाकरराव एक गोष्ट वाचून दाखवत होते. एका मळ्याचा मालक. सकाळी कामाला आलेल्या मजुराला जेवढी मजुरी, तेवढीच त्याने दिवस बुडता आलेल्यालाही दिली. सकाळवाले कुरकुरले, तर मालक म्हणाला, माझं मी देतो, तुमचं काय जातं? बबनराव हातात पेचकस धरून तसेच बसले. त्यांच्या मालकाने पॅसेंजर गाडी उशिरा आली म्हणून कितीदा अर्धी पाळी कापली होती. असाही मालक असतो, ही गोष्ट त्यांच्या मनात जी शिरली ती निघालीच नाही. आजार नव्हता, दारू नव्हती, चमत्कार नव्हता. म्हणून त्यांची साक्ष सुरुवातीला कुणाला आवडत नसे. आताची आवडणार होती. आता त्यांच्याजवळ प्रेत होतं.

"बबनरावबंधूंनी प्रभूसाठी सर्वस्व सोडलं," पास्टरांनी सुरुवात करून दिली. "ते आज आपल्यासमोर बोलतील."

बबनराव उभे राहिले. समोर ओळखीची तोंडं होती. कौशल्याबाईंनी रुमाल आधीच हातात घेतला होता.

"मी काई सोडलं नाई," ते म्हणाले.

"हालेलुया," मागून कुणीतरी म्हणालं.

"ऐकून तं घ्या. मी काई सोडलं नाई. जे सोडलं थे माझ्या बायकोनं सोडलं. तिचा तुमच्या प्रभूवर काडीचा विश्वास नव्हता. तिनं माझ्यासाठी सोडलं, अन् मी इथं उभा राहून नऊ वर्षं माझ्या नावावर सांगतलं. अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"हालेलुया," आता पाच-सहा जण म्हणाले. काही बायांनी डोळे पुसले. एकाने हात वर केले. बबनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. यांना आता काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पंख्याची किंमत सांगितली असती तरी हे रडले असते. पास्टर प्रभाकरराव पुढे आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "पाहा, किती ही नम्रता!" बबनरावांनी तो हात उचलून बाजूला केला, जसा कपड्यावरचा किडा उचलावा तसा, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. उठून निघून जावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण गाणं सुरू झालं आणि त्यांचे ओठ आपोआप हलू लागले. शब्द पाठ होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्या शब्दांतला तो मालक, उशिरा आलेल्यालाही पुरती मजुरी देणारा, त्यांना अजूनही खरा वाटत होता. तो खरा नसता तर सोपं होतं. मुंडन करून, भटजी बोलावून, तेरवी घालून मोकळे झाले असते. या लोकांची चीड येत होती, भावाची येत होती, स्वतःची तर सगळ्यांत जास्त. पण त्याची चीड येत नव्हती. दिवस बुडता आलेल्यांना तो मजुरी देतो. पण जी त्याच्या मळ्यात कधी आलीच नाही, नुसती काठावर टॉवेल घेऊन उभी राहिली, तिला तो काय देतो, हे त्या गोष्टीत नव्हतं. ते पास्टरांना विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी आले तेव्हा पुण्याहून मुलीचा, अंकिताचा फोन आला. तेरवी काकाच्या घरी होणार होती, काकाचा मुलगा ऋतिक पिंड देणार होता, सगळं अंकुशने ठरवलं होतं.

"बाबा, मडकं काकाकडे देऊन टाका ना. ऋतिक सोडेल राख तेरवीच्या आधी. तुम्हाला चालत नाही ना ते?"

"तिनं मले सांगतलं होतं."

"काय?"

"माझ्या हातानं सोडाले."

"मग सोडा ना बाबा. अडलंय कुठे? पवनार काय लांब आहे?"

पवनार लांब नव्हतं. मडकं घेऊन ते एकदा नदीपर्यंत गेलेही होते. पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले, खडकापलीकडे ती बाप्तिस्म्याची जागा दिसत होती. मडक्याचं फडकं सोडायला हात घातला आणि थांबले. राख सोडताना काहीतरी म्हणावं लागतं. जयवंताला जे हवं होतं ते भटजीचं होतं आणि ते त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, खोटं झालं असतं. त्यांच्या तोंडून जे निघालं असतं ते प्रभूचं होतं, आणि मेल्यावर तरी ते तिच्यावर ओतायचं नाही एवढी लाज त्यांना होती. मुकाट्याने सोडावं म्हटलं तर तेही जमेना. नऊ वर्षं ती मुकाट्याने राहिली होती, आता तेच तिला परत द्यायचं? ते तसेच पाण्यात उभे राहिले, मग बाहेर आले. काठावर कपडे धुणारी एक बाई त्यांच्याकडे पाहत होती. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि पुसायला काही आणलं नव्हतं.

आता मडकं शेवग्याला आहे. फडक्याची गाठ त्यांनी पुन्हा बांधली, पण ती त्यांच्या हाताची, वाऱ्याने सैल होते, रोज आवळावी लागते. सिंदीला हंगाम सुरू होईल, तिकडे जायला लागेल. अंकुशने माणूस पाठवला होता, त्याला त्यांनी दारातून परत लावलं. पास्टरांनी निरोप पाठवला होता, त्याला उत्तर दिलं नाही. राख धाममध्ये सोडायची राहिली आहे.